गावातल्या मुलाचा खून आणि त्यानंतर गावाला करावी लागणारी कामं: वऱ्हाडातल्या पटकथेसाठी

प्रश्न थोडक्यात असा आहे. यवतमाळ जिल्ह्यातलं कापसाचं गाव, नोव्हेंबर महिना, नऊ वर्षांच्या मुलाचा खून. सिनेमा खुनी शोधण्याचा नाही, त्या मरणानंतर गावाचं काय होतं त्याचा आहे. पहिला खर्डा 112 पानांचा झाला आहे. वाचणारे म्हणतात, रडू येतं पण गाव खरं वाटत नाही. पोलीस, मयत, बोली आणि मुलांसोबतचं चित्रीकरण यांत नेमकं कुठे चुकतं ते हवं आहे.

गाव खरं वाटत नाही याचं कारण मला खर्ड्याच्या सारांशातच दिसतं. तुमचं गाव रडतं, चर्चा करतं, चिडतं, पारावर गोळा होतं. ते काम करत नाही. खेड्यात लेकरू मारलं गेलं की पहिल्या दोन दिवसांत वीस-पंचवीस कामं अंगावर येऊन पडतात. विहिरीत गळ टाकायचा असतो, ठाण्यात फोन करायचा असतो, मामाच्या गावी निरोप द्यायचा असतो. पंच म्हणून सही लागते, शव आणायला गाडी लागते, खड्डा खणावा लागतो, त्या घरच्या म्हशीचं दूध काढावं लागतं, दुसऱ्या लेकराला जेवू घालावं लागतं. प्रत्येक काम कोणीतरी उचलतो आणि कोणीतरी त्याच वेळी दार लोटून घेतो. तुमचा सिनेमा या कामांत आहे. एका कागदावर सगळी कामं लिहा, समोर ती करणाऱ्याचं नाव लिहा, आणि त्याच्या समोर जो यायला हवा होता पण आला नाही त्याचं नाव लिहा. अर्धी पटकथा त्या तिसऱ्या रकान्यातून निघते.

आता पहिल्या संध्याकाळपासून बघू. खर्ड्यात आई दुपारी घरी बसून मुलाची वाट पाहते. नोव्हेंबरात कापसाच्या गावात दुपारी घरी म्हातारी माणसं आणि बाळंतिणी सापडतील. बाकी सगळ्या बाया वेचणीला असतात. साडेचार-पाचच्या सुमाराला त्या ओटीतला कापूस गाठोड्यात बांधून काट्यावर आणतात. मजुरी किलोवर असते, म्हणून माप होताना प्रत्येकीची नजर काट्यावर खिळलेली असते. शाळा सुटल्यावर धुऱ्यावर, म्हणजे शेताच्या बांधावर, येऊन बसणारं पोरगं आज आलं नाही, हे आईच्या लक्षात यायची वेळ हीच. तिचं गाठोडं काट्यावर चढलेलं आहे, मालक आकडा सांगतोय आणि ती रस्त्याकडे बघतेय. त्या दिवसाचा आकडा ती आयुष्यभर विसरणार नाही. सूर्य साडेपाचच्या आसपास मावळतो, सहाला अंधार पडतो. शोध अंधारातच सुरू होतो.

शोधही गावाच्या पद्धतीने दाखवा. कपाशीच्या ओळींमध्ये तुरीची ओळ असते. नोव्हेंबरात पऱ्हाटी, म्हणजे कपाशीचं झाड, कमरेच्या वर आणि तूर माणसाच्या डोक्याच्या वर गेलेली असते. बॅटरीचा उजेड दोन ओळींच्या पलीकडे पोचत नाही. त्यामुळे माणसं एकमेकांना आवाज देत ओळीओळीने पुढे सरकतात आणि दहा पावलांवरचा माणूस दिसत नाही, फक्त त्याची हाक ऐकू येते. आधी विहिरी बघतात, मग नाला, बंधारा, शेततळं. विहिरीत दोरीला लोखंडी गळ बांधून तळ खरवडतात. गळ कशात तरी अडकतो, वर ओढला की जुना टायर किंवा बोरीचा फांदोरा निघतो. हे दोन-तीन विहिरींवर होऊ द्या. शेतीची वीज त्या आठवड्यात रात्रपाळीची असेल तर निम्मे गडी ओलीत करायला आधीच शेतात असतात. एवढ्या एका गोष्टीने शोधायला माणसंही मिळतात, आणि पुढे पोलिसांसमोर प्रत्येकाला सांगावं लागतं की तो कोणत्या वेळी कोणत्या धुऱ्यावर होता.

पोलिसांच्या बाबतीत सगळ्यात मोठी चूक म्हणजे 'चोवीस तास थांबा, मग तक्रार घेऊ' हा संवाद. सर्वोच्च न्यायालयाच्या मे 2013 च्या आदेशानंतर अठरा वर्षांखालचं मूल हरवलं की अपहरण गृहीत धरून गुन्हा नोंदवायचा असतो. कथा 1 जुलै 2024 नंतरची असेल तर भारतीय न्याय संहितेचं कलम 137(2) लागेल. शव मिळालं की त्याच गुन्ह्यात 103(1), म्हणजे खुनाचं कलम, वाढवतात. शव लपवलेलं असेल तर 238 सुद्धा. पोलिसांच्या भाषेत याला 'कलमवाढ' म्हणतात. कथा त्या तारखेआधीची असेल तर तीच कलमं 363, 302 आणि 201 होतील. पटकथेत घटनेची तारीख आधी पक्की करा, कारण फलकावरचं, कागदावरचं आणि वकिलाच्या तोंडचं सगळं तिच्यावर अवलंबून आहे. एखादा जमादार टाळाटाळ करताना दाखवायचा असेल तर जरूर दाखवा. पण तो नियम मोडतोय हे त्यालाही माहीत असतं, आणि तसं ते दिसलं पाहिजे.

गावातून पहिला फोन पोलीस पाटील करतो. 1967 च्या महाराष्ट्र ग्रामपोलीस अधिनियमाने ती त्याची जबाबदारी आहे. तो गावचाच शेतकरी असतो, मृताच्या घराशी त्याचं नातं किंवा भांडण काहीतरी असतंच, आणि पुढचे सहा महिने पोलीस गावात आले की त्याच्याच ओसरीवर बसतात. तुमच्या खर्ड्यात तो दोन दृश्यांत येतो. निदान दहा दृश्यांत यायला हवा. आणखी एक बारीक गोष्ट: विदर्भात ठाण्याच्या प्रमुखाला सगळे 'ठाणेदार' म्हणतात. 'पीआय साहेब आले' हे पुण्याकडचं बोलणं इकडे कानाला खटकतं. जिल्ह्याहून येणारी स्थानिक गुन्हे शाखा म्हणजे 'एलसीबी'. श्वानपथक आणि ठसेतज्ज्ञ जिल्ह्याच्या ठिकाणाहून निघतात, त्यामुळे पोचायला दोन-तीन तास लागतात. तेवढ्यात सगळं गाव त्या जागेवरून फिरून गेलेलं असतं. पहिल्या रात्री माया म्हणून जे धावले त्यांच्याच पायांखाली पुरावा गेला, ही गोष्ट पुढे न्यायालयात निघते तेव्हा गावाला ती फार लागते.

शव सापडल्यावर कॅमेरा कशावर ठेवायचा, हा तुमचा प्रश्न आहे. माझं स्पष्ट मत आहे की शवावर नाही. पंचनाम्यावर ठेवा. शव पाहून मरणोत्तर पंचनामा होतो, दोन पंच लागतात, आणि जमादार लिहून झाल्यावर तो मोठ्याने वाचून दाखवतो. त्या मराठीला स्वतःचा एक सूर आहे: 'मयताचे अंगात निळ्या रंगाचा शालेय सदरा, वरून दुसरे बटण तुटलेले. कमरेस काळा करदोडा, त्यास भोकाचा तांब्याचा पैसा एक. उजव्या खिशात बाटलीची झाकणे चार, खडूचा तुकडा एक.' वाचणारा थांबत नाही, आवाज चढवत नाही. पंच म्हणून उभा असलेला माणूस ऐकता ऐकता 'खडूचा तुकडा एक' ला मान खाली घालतो, आणि त्यालाच त्याखाली सही करायची असते. हे दृश्य नीट केलं तर जखमा दाखवायची गरज राहत नाही. भोकाचा पैसा आजीने बांधला होता हे आधी एका दृश्यात दिसलेलं असू द्या, अंघोळ घालताना वगैरे, संवादाशिवाय. आता झडती आणि जप्तीचं ध्वनिचित्रमुद्रण करावं लागतं, म्हणून एक शिपाई मोबाईल धरून उभा असतो. त्याचा हात हलतो की नाही यावरही एक क्षण जाऊ शकतो.

त्यानंतर गाडीचा प्रश्न येतो आणि इथे बहुतेक पटकथा सरळ इस्पितळात उडी मारतात. 108 ची गाडी जिवंत रुग्णासाठी असते. शववाहिका प्रत्येक तालुक्यात वेळेवर मिळतेच असं नाही. मग गावातली कोणाची तरी पिकअप किंवा ट्रॅक्टर लागतो. परवापर्यंत तिच्यात कापूस भरून जिनिंगला गेलेली गाडी असते, फटीफटीत सरकी आणि रुई अडकलेली असते. ज्याच्याकडे गाडी आहे तो चावी देतो का, स्वतः चालवतो का, परत आल्यावर गाडी कशी आणि कुठे धुतो, आणि पुढच्या आठवड्यात तिच्यात माल भरायला लोक तयार होतात का, एवढ्यावर एक उपकथा उभी राहते.

शवविच्छेदनाला गावात 'पीएम' किंवा 'चिरफाड' म्हणतात. केंद्रीय आरोग्य मंत्रालयाने नोव्हेंबर 2021 मध्ये सूर्यास्तानंतरही शवविच्छेदनाची मुभा दिली. पण खुनाची प्रकरणं, कायदा-सुव्यवस्थेचा प्रश्न नसेल तर, त्यातून वगळलेली आहेत. म्हणजे रात्री आठला सापडलेलं शव सकाळपर्यंत शवागारातच राहणार. ग्रामीण रुग्णालयाचे डॉक्टर लहान मुलाचं आणि खुनाचं प्रकरण असेल तर ते यवतमाळच्या शासकीय वैद्यकीय महाविद्यालयाकडेही पाठवू शकतात. रुग्णालयाच्या आवारात बाप, मामा, पोलीस पाटील आणि एक शिपाई यांची ती रात्र हा सिनेमाचा मध्य असायला हवा. खर्ड्यात तिला अर्धं पान आहे. किमान सहा पानं द्या. थंडी असते, कोणीच चादर आणलेली नसते, चहाची टपरी अकराला बंद होते. बाप झोपून जातो. तो झोपू शकला याची त्याला पुढे कायम लाज वाटते. सकाळी ताबा पावतीवर त्याची सही किंवा अंगठा घेतात आणि शव पांढऱ्या कापडात गुंडाळून मिळतं. व्हिसेरा, म्हणजे तपासणीसाठी काढलेले आतले अवयव, राखला असेल तर तो मिठाच्या संपृक्त द्रावणात ठेवतात, फॉर्मॅलिनमध्ये नाही. तुमच्या खर्ड्यात 'फॉर्मॅलिनची बरणी' आहे, ती काढा. अहवाल यायला महिने लागतात. तिसऱ्या दिवशी ठाणेदाराच्या टेबलावर तो ठेवू नका.

मयतीचं. तुम्ही चिता दाखवली आहे. विदर्भातल्या बऱ्याच जातींत लहान मुलाला जाळत नाहीत, पुरतात. नऊ वर्षांच्या मुलाबाबत समाजासमाजांत, घराघरांतही फरक पडतो, त्यामुळे ज्या समाजाचं घर लिहिताय त्याच समाजातल्या दोन-तीन वयस्कर माणसांना विचारा. बौद्ध घर असेल तर त्रिशरण-पंचशील होईल, पांढरी वस्त्रं येतील, तेरवीचा विधी नसेल. कोलामांच्या पोडावर, म्हणजे वस्तीवर, आणि बंजारा तांड्यावर रीत वेगळी आहे. आणि अनेक गावांत स्मशानभूमीही समाजानुसार वेगळी असते, हे न दाखवणं म्हणजे गावाबद्दल खोटं सांगणं होय.

खड्डा खणण्याचं दृश्य अभिनेत्यांकडून खरं काम करवून घ्या. नोव्हेंबरात काळी माती वरून फुटलेली आणि हातभर खाली ओलसर, चिकट असते. टिकासाचा घाव बसतो पण ढेकूळ सुटत नाही, दर चार-पाच फावड्यांनंतर पातं बोटांनी पुसावं लागतं. साडेचार फूट लांब, चार-पाच फूट खोल खड्ड्याला दोन माणसं आळीपाळीने लागली तरी दोन तास सहज जातात. खणणारे मापावरून बोलतात, कारण दुसरं काही बोलता येत नाही. मोठ्या माणसाच्या खड्ड्याची सवय असलेला हात लांबी जास्त घेतो, आणि कोणीतरी हळूच म्हणतं, 'पुरे, एवढं नाई लागत.' शव ठेवल्यावर मीठ टाकतात, माती लोटतात, वर दगड आणि बाभळीच्या काट्या रचतात, कुत्र्या-कोल्ह्यांनी उकरू नये म्हणून. काट्या कोण तोडून आणतो हेही तुमच्या रकान्यात असलं पाहिजे. चित्रीकरणासाठी असे तीन खड्डे आधी खणून ठेवा, एक गुडघाभर, एक कमरेएवढा, एक पूर्ण. एकाच खड्ड्यात क्रमाने काम करायला गेलात तर दुपारचा उजेड हातचा जातो.

रडणं. तुमच्या दृश्यात पंधरा बाया एकाच वेळी, सलग तीन मिनिटं आक्रोश करतात. प्रत्यक्षात रडण्याला भरती-ओहोटी असते. दारात नवं माणूस आलं, विशेषतः माहेरचं, की आई किंवा आजी त्याला उद्देशून शब्दांसकट रडणं उचलते, बाकीच्या साथ देतात, पाच-सात मिनिटांनी आवाज बसतो. मग कोणीतरी पाणी देतं, कोणी विचारतं 'यष्टी भेटली का', आणि थोड्या वेळाने पुढचं माणूस दारात येतं. या मधल्या शांततेतच खरी माहिती इकडून तिकडे जाते. कॅमेरा दोन ठेवा आणि पहिल्याच टेकला सगळं घ्या. गावातल्या बायांना घेतलं असेल तर तिसऱ्या टेकपर्यंत एकतर त्या खरंच कोसळतात, कारण प्रत्येकीच्या घरात काहीतरी घडलेलं असतं, नाहीतर सूर पाठ झाल्यासारखा निघतो. दोन्ही टाळा.

शाळेचं दृश्य मला तुमच्या खर्ड्यात सर्वांत कच्चं वाटलं. गुरुजी रिकाम्या बाकाकडे बघतात, संगीत चढतं. जिल्हा परिषदेच्या शाळेत रोज एक गणित होतं, त्याच्याकडे जा. पोषण आहारात पहिली ते पाचवीला दर मुलामागे 100 ग्रॅम तांदूळ धरतात. खिचडी शिजवणारी बाई हजेरी विचारते आणि त्याप्रमाणे मोजून घेते. 41 हजर असले की चार किलो शंभर. शोकसभा, सुट्टी, सगळं झाल्यावर ज्या दिवशी शाळा पुन्हा भरते त्या दिवशी गुरुजी सवयीने '41' म्हणतात. ती काहीच बोलत नाही. चार किलो मोजते, मग वाटीत शंभर ग्रॅम घेऊन उभी राहते. ती वाटी पिंपात परत टाकते की पातेल्यात, ते तुम्ही ठरवा. दृश्य तिथेच तोडा, गुरुजींचा चेहरा घेऊ नका.

अफवा. असं काही घडलं की इकडे पहिला शब्द निघतो 'गुप्तधन'. जुन्या वाड्यात धन आहे, नरबळी दिला, अमुक बाबा आला होता. ही अफवा सिनेमात यायलाच हवी, नाहीतर गाव अर्धं राहील. पण कथेने तिच्या मागे जाऊ नये. 2013 चा जादूटोणाविरोधी कायदा आहे, पोलीस त्या दिशेनेही विचारपूस करतात, आणि त्या चार दिवसांत एखाद्या म्हाताऱ्या एकट्या बाईचं जगणं अवघड होतं. दुसरी अफवा पोरं पळवणाऱ्या टोळीची. 1 जुलै 2018 ला धुळे जिल्ह्यातल्या राईनपाड्यात याच अफवेवरून भिक्षेकरी समाजाच्या पाच माणसांना जमावाने ठार मारलं. गावाबाहेर पाल ठोकून राहिलेलं कुटुंब तुमच्या पटकथेत 'संशयित' म्हणून येतं आणि सुटका झाल्यावर दिसेनासं होतं. ते उठून कुठे गेलं, त्यांच्या मुलांनी त्या दोन रात्री काय पाहिलं, हे दाखवल्याशिवाय त्यांना कथेत आणू नका.

मुलाच्या बापाचं आडनाव पहिल्या दहा मिनिटांत ऐकू येतं आणि विदर्भातला प्रेक्षक त्याच क्षणी बाकीचं गाव मनात मांडून घेतो. 29 सप्टेंबर 2006 ला भंडारा जिल्ह्यातल्या खैरलांजीत एकाच दलित कुटुंबातल्या चौघांचा खून झाला, त्यानंतर इकडे कोणी अशी कथा जातीशिवाय वाचत नाही. 'आम्ही आडनाव दिलंच नाही' ही पळवाट चालत नाही. घर अनुसूचित जाती-जमातीचं आणि आरोपी त्या जाती-जमातींबाहेरचा असेल तर अत्याचार प्रतिबंधक कायदा लागतो आणि तपास पोलीस उपअधीक्षक दर्जाच्या अधिकाऱ्याकडे जातो, ठाणेदार बाजूला होतो. त्याने तुमच्या तपासाच्या सगळ्या दृश्यांची मांडणी बदलते. म्हणून हे तिसऱ्या खर्ड्यावर ढकलू नका.

तुमच्या कथेत आरोपी सोळा वर्षांचा निघतो. मग त्याला कोठडीत ठेवता येत नाही, बेड्या घालता येत नाहीत. कागदावर तो 'विधीसंघर्षग्रस्त बालक' असतो, बाल न्याय मंडळापुढे नेतात, निरीक्षणगृहात ठेवतात. सोळा ते अठरा वयात घोर गुन्हा असेल तर त्याच्यावर प्रौढासारखा खटला चालवायचा का, याची प्राथमिक चाचपणी मंडळ करतं. त्यामुळे ठाण्यातला मारहाणीचा प्रसंग ठेवायचा असेल तर तो गुन्हा म्हणूनच दिसला पाहिजे. शिवाय पोलिसांपुढचा कबुलीजबाब न्यायालयात पुरावा होत नाही. तुमचा उत्कर्षबिंदू त्याच कबुलीवर उभा आहे आणि नंतरचा खटलाही, तो सांधा निखळतो. पोलीस काय करतात, तर पंचांसमोर निवेदन घेऊन त्याने दाखवलेल्या जागेवरून वस्तू काढतात. तेव्हा पुन्हा गावातलेच पंच लागतात, आणि तीन वर्षांनी ते फितूर झाले तर सगळं डळमळतं. पंच फितूर का होतो? बहुतेकदा धमकीने नाही. आरोपीचं घर चार दारं सोडून आहे, त्याच्या मायकडे रोज बघावं लागतं, आणि प्रत्येक तारखेला मजुरी बुडते.

बोलीत आधी पट्टा ठरवा. यवतमाळ वऱ्हाडीत येतं: मले, तुले, त्याले, काऊन, कोठी. 'ळ' चा 'य' होतो, डोया, काया, शाया. भंडारा-गडचिरोलीकडच्या झाडीबोलीत तोच 'ळ' पुष्कळदा 'र' होतो. दोन्ही मिसळल्या की विदर्भातला प्रेक्षक तिथल्या तिथे बाहेर पडतो. सगळ्यात जास्त पकडली जाणारी चूक म्हणजे बायकांचं क्रियापद. वऱ्हाडी बाई 'मी जाते' म्हणत नाही, 'मी जातो' म्हणते. 'मी पऱ्हाटीत होतो ना वं, मले काय मालूम' हे वाक्य मुंबईहून आलेल्या अभिनेत्रीला विनोदी वाटू शकतं आणि ती नकळत त्यात रंग भरते. तिला निदान तीन आठवडे गावात ठेवा. दुःखाच्या प्रसंगात बोली हसू आणत असेल तर दोष उच्चारणाऱ्याचा आहे, बोलीचा नाही. ठाणेदार, डॉक्टर, वकील प्रमाण मराठी बोलतील, पण जमादार मधेच बोलीत घसरतो, विशेषतः आईशी बोलताना: 'पाणी पे माय, बस इथीसा.'

नटांसाठी झाडीपट्टी रंगभूमीकडे बघण्याचा विचार उत्तम आहे, वडसा म्हणजे देसाईगंज हे तिचं मुख्य केंद्र. पण तिचा हंगाम दिवाळीनंतर सुरू होतो आणि थंडीभर रात्ररात्र प्रयोग चालतात, म्हणजे नेमका तुमच्या चित्रीकरणाचा काळ. तारखा पावसाळ्यातच बोलून घ्या. त्यांचा आवाज शेवटच्या प्रेक्षकापर्यंत फेकण्यासाठी कमावलेला असतो, तो खाली आणायला आठ-दहा दिवसांचा सराव धरा.

आता मुलं. 2017 च्या बालकामगार नियमांप्रमाणे ज्या जिल्ह्यात चित्रीकरण आहे तिथल्या जिल्हाधिकाऱ्यांची परवानगी आधी घ्यावी लागते. दिवसाला पाच तासांच्या वर काम नाही, विश्रांतीशिवाय सलग तीन तासांच्या वर नाही, सलग 27 दिवसांच्या वर नाही. जास्तीत जास्त पाच मुलांमागे एक जबाबदार माणूस नेमावा लागतो. मुलाच्या मिळकतीतला किमान 20 टक्के भाग राष्ट्रीयीकृत बँकेत त्याच्या नावे मुदत ठेवीत जातो. पाच तासांत साधारण पावणेदोन ते दोन पानं निघतात, वेळापत्रक त्यावर आखा. वर्गातल्या गर्दीतली मुलंही मुलंच असतात, त्यांना यातून सूट नाही.

ज्या मुलाने जिवंतपणीची भूमिका केली त्याला शव म्हणून झोपवू नका. त्याच्या आईला ते बघवणार नाही आणि मुलगा घरी जाऊन काय स्वप्नं बघेल ते आपल्या हातात नाही. कापडात गुंडाळलेला पुतळा पुरतो, फक्त वजन खरं ठेवा. नऊ वर्षांचं मूल पंचवीस किलोच्या आसपास असतं. वाळूच्या पुरचुंड्या डोकं, छाती, कंबर आणि पाय अशा वाटून भरा, एका जागी भरल्या तर उचलताना पुतळा मधून मोडतो. हलका पुतळा उचलताना नटाची पाठ खोटं बोलते. बाकीच्या मुलांना रडवण्यासाठी 'तुझी माय मेली समज' असलं काही सांगणाऱ्या सहायकाला त्याच दिवशी घरी पाठवा. मुलांना गोष्ट सगळी सांगा, त्यांच्या शब्दांत, दिवसाउजेडी, घरच्यांसमोर. आणि मेलेलं पात्र करणारा मुलगा दृश्य संपल्यावर हसत-खेळत सगळ्यांसोबत जेवताना दिसला पाहिजे.

सेन्सॉरच्या मार्गदर्शक तत्त्वांत मुलांवरची हिंसा विनाकारण दाखवू नये असं स्पष्ट म्हटलं आहे. पंचनाम्याच्या मार्गाने गेलात तर 16 वर्षांवरच्यांसाठीचं यूए मिळण्याची आशा धरता येते. फक्त प्रौढांसाठीचं 'ए' मिळालं तर सिनेमा तसाच टीव्हीवर दाखवता येत नाही. बैलबंडी चौकटीत असेल तर भारतीय जीवजंतू कल्याण मंडळाची परवानगी आधी लागते, उभा बैल असला तरी. कथा एखाद्या खऱ्या प्रकरणावर असेल तर बाल न्याय कायद्याच्या कलम 74 ने बळी, साक्षीदार आणि आरोपी मुलांची ओळख उघड करता येत नाही. गाव, शाळा, घराची ठेवण बदला, आणि जिथे तसं खरंच घडलं आहे त्या पंचक्रोशीत युनिट नेऊ नका.

शेताचं एक सांगायचं राहिलं. कापूस वेचला की शेत चार दिवसांत उघडं दिसतं. शोधाची रात्र आणि आधीचे प्रसंग जुळायचे असतील तर एक एकर न वेचता राखावा लागेल. शेतकऱ्याला त्या कापसाचा पूर्ण भाव आधी द्या, कारण अवकाळी पाऊस आला तर बोंडं काळी पडतात आणि नुकसान त्याचं होतं. खोटी तिरडी गावातल्या घरातून बाहेर काढायला लोक तयार होत नाहीत, ते त्यांचं म्हणणं मान्य करा. शिवाराबाहेर एक घर उभारा. ग्रामसभेत गोष्ट काय आहे ते आधीच सांगा.

शेवटाबद्दल. दफनानंतर लगेच तुमचा 'तीन वर्षांनंतर' हा फलक येतो आणि आपण न्यायालयात जातो. मधे सात-आठ पानं हवीत. नोव्हेंबरात बुजवलेला खड्डा जूनच्या पहिल्या मोठ्या पावसाने खचतो. काळी माती आत बसते, वरचे दगड तिरपे होतात, काट्या उघड्या पडतात. तिथे दोन-तीन टोपली माती परत टाकून ती दाबावी लागते. पेरणीची घाई असते, सगळं गाव शेतात असतं. हे काम कोण करतं ते ठरवा, बाप नको, आणि ते दृश्य संवादाशिवाय लिहा.